मे महिना पाहुण्यांचा, जून-जुलै तुमचा

देवगड तालुक्यातल्या एका गावातून चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मी ४६ वर्षांची. माहेर सावंतवाडी. लहानपणी बाबांबरोबर श्रीराम वाचन मंदिरात जायचे, पुढे एकटी जाऊ लागले. लग्नाआधी माझे दोन लेख एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापून आले होते. इथे आमची हापूसची कलमं आहेत, थोडी भातशेती आहे आणि दहा वर्षांपासून तीन खोल्यांचा होमस्टे आहे. लोकांची सुट्टी लागली की माझं काम वाढतं. दिवाळी झाली, नाताळ झाला, की मे. मेमध्ये पर्यटक वेगळे आणि डोंबिवलीहून येणारे दीर-जाऊ, नणंदा, मुलं अशी घरची चौदा माणसं वेगळी. दिवाळीत आणलेली कादंबरी अजून चाळिसाव्या पानावर आहे. रात्री हातात घेतली की डोळे मिटतात, नाही मिटले तर मोबाइल बघत पडते. परवा पुण्याच्या एक पाहुण्या नाश्ता करताना म्हणाल्या, 'किती नशीबवान हो तुम्ही! समोर समुद्र, रोज निवांत वाचत-लिहीत असाल.' मी आत गेले आणि तव्यावरचं घावण उलटताना रडू आलं. जाऊ म्हणते, 'तुका काय गो, बारा महिने सुट्टीच.' सासूबाई म्हणतात, 'वाचून पोट भरतला काय?' होमस्टे बंद करूया असं यांना सांगू का? की हा नादच सोडू? ता. क. पावसात पुस्तकांना बुरशी धरते, त्यावर काय करावं?"

ताई,

होमस्टे बंद करू नका. त्यातून तुमच्या हातात पैसा येतो, आणि पुस्तकं विकत घ्यायची तर तो लागतोच. नादही सोडू नका. मे महिन्यात वाचायचा-लिहायचा हट्ट मात्र या वर्षीपासून सोडून द्या. तो हट्टच तुम्हाला रडवतोय, त्या पुण्याच्या बाई नव्हे. त्या बिचाऱ्या खुर्चीत बसून समुद्र बघत होत्या आणि त्यांना वाटलं, या खुर्चीत रोज तुम्हीच बसत असाल. सुट्टीवर आलेल्या माणसाला समोरचं सगळं गावच सुट्टीवर आहे असं वाटतं. गोव्यात गेलो की आपल्यालाही तसंच वाटतं.

तुमचा मे कसा असतो हे मला सांगायला नको. शेवटच्या पेट्या भरून गाडीवर चढवायच्या असतात, त्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात, फणस थांबत नाहीत, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठीचं, सामान भरून ठेवायचं असतं, आणि खोली नंबर दोनमधल्या माणसाला सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा हवा असतो. अशा महिन्यात रोज दहा पानं वाचीन असं ठरवणारी बाई स्वतःला रोज रात्री नापास करून झोपते. ही परीक्षाच रद्द करा.

तुमच्याच किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळीचा विणीचा काळ, त्यातून खवळलेला दर्या, म्हणून ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला किंवा वर वाळूत. त्या दिवसांत कोणी खलाशाला 'आळशी झालास' म्हणत नाही. जाळी विणतात, दुरुस्ती करतात, रंग लावतात, आणि ३१ जुलैपर्यंतची घरखर्चाची सोय मे संपायच्या आत करून ठेवलेली असते. तुमचा होमस्टेही त्याच ६१ दिवसांसाठी बंद ठेवा. बुकिंगच्या ॲपवर तारखा आजच बंद करून टाका. हल्ली 'पावसाळी पॅकेज'चं फॅड निघालंय, तेवढं लावून घेऊ नका. यजमान म्हणतील, येणारा पैसा का सोडायचा? मेमध्ये वाद घालू नका, घामाघूम माणसाला हिशेब पटत नाही. शेवटची पेटी रवाना झाली की मागच्या दोन पावसाळ्यांचं रजिस्टर उघडून दोघं बसा. किती खोल्या भरल्या, ओल्या चादरी किती वेळा धुतल्या, वीज गेल्यावर किती जणांनी पैसे परत मागितले. तुमचं रजिस्टर मी पाहिलेलं नाही, पण कागदावर आकडे मांडले की बोलणं सोपं होतं.

जुलैत लावणी असते, हे मला ठाऊक आहे. ते पंधराएक दिवस कंबर मोडते, तेव्हाही वाचन होणार नाही. उरलेले दिवस तरी तुमचे.

आता वाचायचं काय. ती चाळिसाव्या पानावरची कादंबरी परत करून टाका. सहा महिने अडलेलं पुस्तक समोर दिसलं की वाचायची इच्छाच जाते. तुमच्यासारख्यांना दिवाळी अंक बरे, पण दिवाळीत नव्हे. मराठीतला पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली काढला, तेव्हापासून आपण दिवाळीच्या सुट्टीत अंक वाचायचा असं धरून चाललोय. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या तिन्ही खोल्या भरलेल्या असतात. तर अंक तेव्हा घ्या, कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि मृगाच्या पावसाबरोबर उघडा. कथा शिळी होत नाही. एका बैठकीत एक कथा संपते, आणि काहीतरी पुरं वाचून झाल्याचं समाधान मिळतं. मोडलेली सवय मला यानंच परत लागते. खर्च नको असेल तर तालुक्याच्या ग्रंथालयात जा. दिवाळी सरली की अंकांना तिथे रांग नसते.

सासूबाईंना उत्तर देऊ नका. श्रावणात तुमच्या घरी पोथी लागत असेलच, आणि बी.ए. झालेली सून म्हणून ती तुम्हीच वाचत असाल. पोथीला कोणी 'पोट भरतला काय' विचारत नाही, कारण ती सगळ्यांना ऐकू येते. पुस्तक तुम्ही एकट्या मनात वाचता आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्यातलं काहीच मिळत नाही, खरं दुखणं ते आहे. आषाढात वीज गेलेली असताना एक विनोदी कथा मोठ्यानं वाचून बघा. पुढच्या खेपेला 'काल खंय थांबलंस?' असं त्याच विचारतील, नाही विचारलं तर मला कळवा.

जावेबद्दल थोडं जपून. ती डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडते, वर्षभराची रजा साठवून दहा दिवस येते, आणि सासरी येऊन तिला खरंच सुट्टी मिळते का हे तिलाही विचारा. तुम्ही दोघी एकमेकींच्या घराकडे सुट्टीच्या नजरेनं बघताय. पण चौदा माणसांचं रांधणं एकट्या बाईवर नको. दुपारी दोन ते साडेचार स्वयंपाकघर बंद, हे पहिल्याच दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना, हसत सांगून टाका. मधेच चहा हवा असेल त्यानं करून घ्यावा. साखर कुठे, आलं कुठे, तेवढं दाखवून ठेवा. पहिले दोन दिवस कुरकुर होईल. तिसऱ्या दिवशी दिराला चहा येतो असा शोध घरात लागेल. त्या अडीच तासांत पुस्तक उघडायलाच हवं असं नाही, झोपा.

लिहिण्याबद्दल जरा कडक बोलते, रागावू नका. तुमच्या चार पानांपैकी तीन पानं लिहायला वेळ मिळत नाही याबद्दल आहेत, आणि ती वाचताना मी दोनदा घड्याळाकडे बघितलं. मग अचानक रातांबे आले. फोडून बिया काढायच्या, मीठ लावायचं, सालं त्याच रसात बुडवून उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात, अशी पुटं द्यायची. त्यात तुम्ही लिहिलंय: "तिसऱ्या पुटाला साल बोटाला चिकटायला लागते, तेव्हा पाहुण्यांचा फोन आला तर कानाला लागलेला लाल डाग रात्रीपर्यंत जात नाही." ते अर्धं पान मी परत वाचलं. नवीन वहीत 'लेखन' म्हणून जे लिहाल ते बहुधा त्या तीन पानांसारखं होईल. म्हणून वेगळी वही करूच नका. होमस्टेच्या रजिस्टरात पाहुण्यांच्या नावापुढे जागा असते, तिथे दोन ओळी खरडा. कोणी काय मागितलं, काय विसरून गेलं, नवरा-बायको जेवताना बोलत होते की नव्हते. दोन ओळींना मे महिन्यातही वेळ मिळतो. जूनमध्ये त्यातल्या एकावर पानभर लिहा. आणि निळाशार समुद्र, माडांची बनं, लाल मातीची वाट हे पुण्या-मुंबईच्या लोकांना लिहू दे. त्यांना तेवढंच दिसतं. खोली सोडून गेल्यावर उशीखाली काय सापडतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आरती प्रभू, म्हणजे आपले चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खानावळ चालवायचे, हे तुम्ही ऐकलं असेल. गिऱ्हाइकांचं जेवणखाण सांभाळत कविता लिहिता येते याचं हे उदाहरण लोक मोठ्या कौतुकानं देतात, मीही देते. त्या खानावळीत चुलीपाशी कोण बसत होतं हे मात्र कोणी विचारत नाही. तुमच्याकडे चूलही तुमची आणि वहीही तुमची, तेव्हा त्यांच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नका.

आणखी एक. जुलैत लावणी आटोपली की चार दिवस सावंतवाडीला जा. गणपतीत नव्हे, लग्नकार्याला नव्हे, असंच. एसटीनं जा. 'काय झालं, अचानक आलीस?' असं माहेरी विचारतील, 'वाचायला आले' म्हणून सांगा आणि श्रीराम वाचन मंदिरात जाऊन बसा. मागे घरी कुळथाची पिठी आणि भात यजमानांना करता येतो. येत नसेल तर जूनमध्ये शिकवून ठेवा.

बुरशीचं: कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी सोडत असते. पुस्तकं दाबून भरू नका, मधून हवा खेळू दे. खालच्या फळीवर काहीच ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. वाळलेला कडुनिंबाचा पाला फळीवर पसरला की कसर कमी लागते. बुरशी आलीच तर ओलं फडकं लावू नका. कोरड्या मऊ कापडानं, घराबाहेर, नाकाला पदर बांधून पुसा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सकाळचे तासदोन तास पुस्तकं उघडून खळ्यात वाऱ्यावर ठेवा, भर दुपारच्या उन्हात नको, पानं पिवळी पडतात. कपाट ओढायचं काम मात्र मेमध्येच उरकून घ्या, तेव्हा घरात पुतणे-भाचे आहेत.