‘हेर्त्सोग’ला सरदार म्हणू नये

नैऋत्य जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग संस्थानाचा शासक एबरहार्ड (१४४५–१४९६) याच्यावर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, जर्मन साधनांत या माणसाला आधी ‘ग्राफ’ (म्हणजे काउंट) आणि नंतर ‘हेर्त्सोग’ म्हटलेले आढळते, तर मराठीत दोन्हींसाठी ‘सरदार’ चालेल का, की हेर्त्सोग म्हणजे ड्यूक असल्यामुळे तिथे ‘राजपुत्र’ लिहावे. दोन्ही चालणार नाहीत. ड्यूक म्हणजे राजाचा मुलगा, हा समज इंग्लंडच्या राजघराण्याच्या बातम्यांवर पोसलेला आहे आणि आता तो भाषांतरांतही सर्रास शिरला आहे. एबरहार्डचा बाप लुडविग हा राजा नव्हता, व्युर्टेम्बर्गच्या उराख शाखेचा ग्राफ होता. ‘हर्झोग’ हे लेखनही टाकावे, कारण जर्मन ‘झेड’चा उच्चार ‘त्स’ असा होतो आणि या शब्दाची सगळी गंमत त्या ‘त्स’मध्येच आहे.

जुन्या जर्मनमध्ये हा शब्द ‘हेरित्सोगो’ असा होता. ‘हेरि’ म्हणजे सैन्य आणि ‘त्सोगो’ म्हणजे ओढून नेणारा. आजच्या जर्मनमध्येही ‘त्सीएन’ म्हणजे ओढणे. दुसरीकडे ‘ड्यूक’ हा लॅटिन ‘दुक्स’पासून आला आणि ‘दुक्स’च्या मुळाशी ‘दुकेरे’, म्हणजे नेणे, हा धातू आहे. कानाला हे दोन शब्द परके वाटतात, परंतु ‘त्सोग’ आणि ‘दुक्’ एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत. मूळचा ‘द’ लॅटिनमध्ये तसाच राहिला, जर्मानिक भाषांत त्याचा ‘ट’ झाला आणि दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये त्या ‘ट’चा पुन्हा ‘त्स’ झाला. आपले ‘दोन’ आणि ‘दहा’ घेऊन पाहावे : इंग्रजीत ‘टू’ आणि ‘टेन’, जर्मनमध्ये ‘त्स्वाय’ आणि ‘त्सेन’. हा नियम ज्याला कळला, तो ‘ड्यूक’मध्ये ‘दिक्पाल’ शोधायला जाणार नाही. तसे शोधणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना उत्तर देण्यात अर्थ नसतो.

संस्कृतात याच घडणीचा शब्द हवा असेल तर तो ‘सेनानी’ आहे : सेना आणि ‘नी’, नेणे. ‘सेनानीनामहं स्कन्दः’ या गीतावचनात त्याचा नेमका अर्थ आहे, सैन्याला पुढे नेणारा. मराठीत मात्र चळवळीत भाग घेतलेल्या प्रत्येकाला आपण ‘स्वातंत्र्यसेनानी’ केले आणि सैनिक व सेनानी यांतला फरक पुसून टाकला.

‘हेरित्सोगो’ हा मूळचा जर्मन शब्दच नव्हे, तर सेनानायकासाठीच्या ग्रीक ‘स्त्रातेलातेस’ या शब्दाचे ते भाषांतर आहे, असे काही मान्यवर व्युत्पत्तिकार सांगतात. मला हे पटत नाही. जर्मानिक टोळ्या राजे कुळ पाहून निवडतात आणि युद्धातले नायक पराक्रम पाहून निवडतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे, आणि त्या नायकांसाठी त्याने वापरलेला शब्द ‘दुक्स’चे अनेकवचन आहे. ज्या समाजात ही वस्तू होती, त्याला तिचे नाव ग्रीकांकडून उसने घ्यावे लागले, असे मानायला भाषांतराचे वेड लागावे लागते. जुन्या इंग्रजीत ‘हेरेतोगा’ आणि जुन्या नॉर्समध्ये ‘हेर्तोगी’ अशी त्याची भावंडेही आहेत.

लष्करी कामाचे नाव पुढे वंशपरंपरागत सत्तेचे नाव होणे आपल्याला अपरिचित नाही. नागपूरच्या भोसल्यांचे ‘सेनासाहेबसुभा’ आणि बडोद्याच्या गायकवाडांचे ‘सेनाखासखेल’ हे किताब त्याच वाटेने गेले. म्हणून तुलनाच करायची तर ती या किताबांशी करावी. ‘सरदार’ हा शब्द शंभर स्वारांच्या पथक्यापासून शिंदे-होळकरांपर्यंत सर्वांना लागतो आणि म्हणूनच इथे काहीच सांगत नाही.

एबरहार्ड मात्र सैन्य नेऊन हेर्त्सोग झाला नाही. २१ जुलै १४९५ रोजी व्होर्म्सच्या राजसभेत जर्मन राजा माक्सिमिलियनने त्याला हे पद सनदेने दिले. तोवर त्याने ग्राफ म्हणून १४५९ पासून, वयाच्या चौदाव्या वर्षापासून, कारभार केला होता. १४६८ मध्ये जेरुसलेमची यात्रा केली होती. १४७४ मध्ये मांतुआच्या गोंझागा घराण्यातल्या बार्बराशी विवाह केला होता. १४७७ मध्ये ट्युबिंगेनचे विद्यापीठ स्थापले होते (त्याच वेळी त्या गावातून ज्यूंना हुसकावले, हेही टिपणात यावे) आणि १४४२ पासून दोन शाखांत वाटले गेलेले व्युर्टेम्बर्ग १४८२ च्या म्युन्सिंगेन कराराने पुन्हा एक केले होते. ते पुन्हा वाटले जाऊ नये, हे त्या सनदेतले खरे कलम. हेर्त्सोग म्हणून तो जेमतेम सात महिने जगला. २४ फेब्रुवारी १४९६ रोजी वारला. बार्बरापासून झालेली एकुलती मुलगी तान्हेपणीच गेली होती आणि विवाहबाह्य मुलांना वारसा नव्हता, त्यामुळे पद चुलतभावाकडे गेले. त्याचेही नाव एबरहार्डच, आणि त्याला १४९८ मध्ये पायउतार व्हावे लागले. या दोघांची गल्लत टिपणात होऊ देऊ नये.

‘ग्राफ’ची व्युत्पत्ती वादाची असल्याने ती सोडतो, मराठी वाचकाला आलेखाचा कागद आठवू नये म्हणून ‘काउंट’ लिहिले तरी माझी हरकत नाही. तारखेचे भान मात्र हवे, आणि त्याला एक सुंदर पुरावा आहे. एबरहार्डला लॅटिन येत नव्हते, म्हणून तो ग्रंथ जर्मनमध्ये करवून घेई. त्याची आई मेख्टहिल्ड हिच्या रोटेनबुर्ग दरबारातला पाद्री आन्टोन फॉन फोर याने लॅटिनमधून एक कथाग्रंथ जर्मनमध्ये आणला. तो ग्रंथ म्हणजे आपले पंचतंत्र. पहलवी, अरबी, हिब्रू आणि लॅटिन असा प्रवास करून ते तिथे पोहोचले होते आणि त्यातले करटक-दमनक हे कोल्हे वाटेतच कलीला-दिम्ना झाले होते. या जर्मन ग्रंथात लागोपाठच्या परिच्छेदांची आद्याक्षरे जुळवली की एबरहार्डचे नाव आणि ‘आटेम्प्टो’ (मी धाडस करतो) हे त्याचे ब्रीद वाचता येते. त्या नावापुढे ‘ग्राफ’ आहे, ‘हेर्त्सोग’ नाही, कारण ग्रंथ १४९५ च्या आधीचा आहे. टिपणातही त्या वर्षीच्या जुलैपर्यंत ‘ग्राफ’ किंवा ‘काउंट’ आणि त्यानंतर ‘ड्यूक’ किंवा ‘हेर्त्सोग’ असेच लिहावे.