राखीव क्षेत्रातल्या जीवांच्या यादीत नसलेला कोळी किंवा किडा दिसला, तर त्याची नोंद कशी करायची?

नाव शोधायची घाई नको. नाव वर्षभराने लावलं तरी चालतं, पण जीव उडून गेला की राहिलेला फोटो मिळत नाही.

पहिला फोटो लांबूनच काढा, मग हळूहळू पुढे सरका. फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू हवीच. चतुराच्या पोटाच्या टोकाला आकड्यासारखे अवयव असतात, ते वरून आणि बाजूने टिपा. नुसत्या रंगावर जाऊ नका, कोवळा नर बरेचदा मादीसारखाच दिसतो. कोळ्याचा चेहरा समोरून घ्या, कारण डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ कळतं. प्रजाती ठरवायला मात्र बहुतेक वेळा प्रौढाचं जननांग पाहावं लागतं. मादीत ते पोटाच्या खालच्या बाजूला असतं, आणि पिल्लात ते तयारच झालेलं नसतं. त्यामुळे पिल्लाची ओळख कुळावर थांबली तर थांबू द्या. मुंगी बाजूने टिपा, म्हणजे कमरेला एक गाठ आहे की दोन ते दिसेल. मापासाठी मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवा. कोळ्याची लांबी पाय सोडून धरतात.

वहीत तारीख, वेळ, पाहणाऱ्याचं नाव, अक्षांश-रेखांश लिहा. अक्षांशात दशांशानंतर 4 अंक म्हणजे साधारण 11 मीटरपर्यंत नेमकी जागा. 2 च ठेवलेत तर किलोमीटरभराचा गोंधळ. दाट झाडीत फोन बराच चुकतो, म्हणून तो दाखवत असलेली चूक किती मीटरची तेही लिहा. ‘झाडावर दिसला’ एवढ्याने काही कळत नाही. कोणतं झाड, पानाची कोणती बाजू, खात होता की नुसता बसला होता? झाड ओळखता येत नसेल तर त्याचाही फोटो घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं. दिवसाचा पहिला फोटो फोनवरच्या घड्याळाचा काढा, नंतर फरक काढता येतो.

आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे ओळख पक्की झाल्याचा शिक्का, लागला म्हणून निश्चिंत होऊ नका, दोघांचं एकमत झालं तरी तो लागतो. ‘नवी नोंद’ म्हणण्याआधी तीच प्रजाती यादीत जुन्या शास्त्रीय नावाने बसलेली नाही ना, ते तपासा. कोळ्यांसाठी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या ऑनलाइन सूचीमध्ये जुनी नावं सापडतात. नमुना पकडायचा तर लेखी परवानगी आधी.

आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका: तो लहान होतो, आतली वेळ आणि जागा पुसली जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.