बाबांचा ग्राफ आणि फ्रेमवाल्याची कात्री

प्रश्न : माझे वडील चादरीच्या कारखान्यांसाठी नक्षीचे ग्राफ, म्हणजे विणकामासाठी चौकोनांच्या कागदावरचे आराखडे, रंगवायचे. माझं लग्न ठरलं त्या वर्षी त्यांनी घरी बसून, फक्त माझ्यासाठी, सिद्धेश्वराचं देऊळ आणि गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज असा एक ग्राफ पोस्टर कलरमध्ये केला. तो कधी विणला गेला नाही. वडील गेल्यावर मी तो रंग-ब्रश विकणाऱ्या आणि फ्रेमही करणाऱ्या इथल्या एका दुकानात दिला. "कागद चिकटवू नका, कापू नका, माउंटमध्ये बसवा" असं तोंडी सांगितलं आणि ग्राफच्या फोटोसोबत व्हॉट्सॲपवरही लिहिलं. २,६०० रुपये ठरले, १,००० आगाऊ दिले. दहा दिवसांनी गेले तर कागद हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवलेला, डावीकडे फुगे आलेले, आणि खालची दोन बोटं रुंदीची पट्टी कापून टाकलेली. त्या पट्टीवर वडिलांच्या हातचा तारांचा हिशेब आणि सही होती. दुकानदार म्हणतात, "आम्ही सगळ्यांचं असंच करतो. उरलेले १,६०० द्या आणि घेऊन जा, नाहीतर राहू द्या इथंच." पावतीच्या मागे छापलं आहे, "मालाच्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही." नेटवर या दुकानाबद्दल चांगलंही लिहिलेलं आहे आणि वाईटही. भाऊ म्हणतो, एका कागदासाठी कुठं कोर्टकचेरी करतेस. मी काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी दुकानात जा. नोटीस, ग्राहक आयोग, वकील हे सगळं पुढच्या आठवड्यात झालं तरी चालेल. आज धोक्यात आहे ती कापलेली पट्टी. फ्रेमवाल्याच्या टेबलाखाली कात्रणांचा ढीग असतो आणि तो कधी ना कधी रद्दीत जातो. कागद तुमचा होता, म्हणजे त्याचं कात्रणही तुमचंच. शांतपणे मागा, जमलं तर स्वतः ढिगात शोधा. "फेकली" असं उत्तर आलं तर दुकानाबाहेर येऊन लगेच त्यांना मेसेज करा : "आज इतक्या वाजता आले होते, पट्टी मागितली, ती फेकल्याचं तुम्ही सांगितलंत." उत्तर आलं नाही तरी चालेल. त्या दिवशीच लिहून ठेवलेली गोष्ट सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा नेहमी जड पडते.

आता उरलेल्या १,६०० रुपयांचं. ज्याने तुमच्या वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दिला आहे. शिंप्याला आहे, घड्याळजीला आहे, फ्रेमवाल्यालाही आहे. पण काम ठरल्याप्रमाणे झालेलं असेल तरच. तुम्ही माउंट, म्हणजे न चिकटवता पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवणं, सांगितलं, त्यांनी चिकटवलं. तेव्हा हा हक्क त्यांना उरतच नाही, असा युक्तिवाद मी आयोगापुढे नक्की करीन. तरीही माझा सल्ला आहे की पैसे देऊन टाका. दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रावर पाणी सांडलं किंवा ते कुणाच्या पायाखाली आलं, तर जिंकलेल्या युक्तिवादाचं तुम्ही काय करणार? रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि आधी मेसेज टाका : "काम सांगितल्याप्रमाणे झालेलं नाही. चित्र ताब्यात मिळावं म्हणून हरकत नोंदवून पैसे देत आहे. भरपाईचा हक्क सोडलेला नाही." एवढं लिहिलंत की पैसे दिले म्हणजे काम मान्य केलं, असं त्यांना म्हणता येणार नाही. सगळे पैसे घेऊनही चित्र दिलं नाही, तर मात्र प्रकरण वेगळं वळण घेतं. मग पोलिसांत विश्वासघाताच्या तक्रारीचा विचार करता येईल. आज तसं काही नाही. निष्काळजीपणे चित्र खराब करणं हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, त्यासाठी चौकीच्या पायऱ्या चढू नका.

उचलण्यापूर्वी दुकानातच फोटो काढा. समोरून एक, आणि एक फ्रेम तिरपी धरून, म्हणजे फुग्यांवर उजेड पडेल. शेजारी मोजपट्टी ठेवा. घरी आणल्यावर वाफ, इस्त्री, ओलं फडकं यातलं काहीही नको. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, आणि तुम्ही हात लावलात की समोरचा म्हणणार, नुकसान घरी झालं.

तुमच्या बाजूने कायदा कसा उभा आहे ते सांगतो. आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराला करार कायद्यात निक्षेप म्हणतात. आम्ही वकील मंडळी रोजच्या बोलण्यात बेलमेंट म्हणतो. कलम १५१ प्रमाणे, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी दुकानदाराने घ्यायला हवी. चांगल्या अवस्थेत दिलेली वस्तू खराब होऊन परत आली, की काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. तुमच्याकडे तर त्याहून जास्त आहे. देण्याआधीचा फोटो आहे आणि "चिकटवू नका, कापू नका" ही लेखी सूचना आहे. "सगळ्यांचं असंच करतो" या त्यांच्या बोलण्याने त्यांचा बचाव होत नाही. सगळ्यांनी काय सांगितलं होतं हा प्रश्नच नाही. तुम्ही काय सांगितलं होतं हा आहे. फोन बदलणार असाल तर थांबा, निदान ते चॅट पुसलं जाऊ देऊ नका. छापील प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडावं.

त्या पट्टीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दुकानदार ती कोरी कड होती म्हणणार. ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे ताण्याची (उभी) तार आणि बाण्याची (आडवी) तार जिथे एकमेकींना भेटतात ती जागा. तारांचा हिशेब हाताशी असला की तो ग्राफ उद्याही मागावर चढवता येतो. हिशेब गेला की सगळं नव्याने मोजत बसावं लागतं. म्हणजे कात्रीखाली चित्राची माहिती गेली आणि कुणी केलं याची खूणही गेली. तक्रारीत हे दोन-तीन ओळींत जरूर लिहा. वडिलांबरोबर काम केलेले कुणी जुने डिझायनर किंवा मास्तर ओळखीचे असतील, तर त्यांचं शपथपत्र घ्या. सोलापुरात अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या शब्दाला आयोगापुढे वजन येईल.

पावतीमागच्या छापील ओळीला घाबरू नका. तुमची त्यावर सही नाही, काम देताना कुणी ती वाचून दाखवली नाही. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका लाँड्रीचं प्रकरण गेलं होतं. साडी हरवली, आणि पावतीवर छापलेलं की हरवल्यास किमतीच्या फक्त १५ टक्के मिळतील. ही अट लोकहिताच्या विरोधात आहे, ती लागू होणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तुमच्या पावतीवर तर शून्य टक्के आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे हे सेवेतील त्रुटीचं प्रकरण आहे. पहिलं पाऊल नोटिशीचं. साध्या मराठीत एक पान : काय दिलं, काय सांगितलं, काय झालं, काय हवं, आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच भांडणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि तुमचा मोबदला २,६०० रुपयांचा आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही ती करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि वकील हवा पण परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस आणि वर फार तर पंधरा दिवस मिळतात, त्यापुढे नाही. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिले आहेत. ते कागदावरचे समजा, त्याहून जास्त वेळ लागेल अशी मनाची तयारी ठेवा.

किती मागायचं? इथे तुमचे भाऊ आणि मी, दोघांचंही थोडं ऐका. बाजारात त्या कागदाला किंमत नाही हे भाऊ म्हणतात ते खरं असेल. पण ग्राहक आयोग फक्त बाजारभाव पाहत नाही. निष्काळजीपणामुळे झालेल्या मानसिक त्रासाचीही भरपाई देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं. फ्रेमचे २,६०० परत मागा, चित्र दुरुस्त करण्याचा खर्च मागा, त्रासाबद्दल आणि तक्रारीच्या खर्चाबद्दल रास्त रक्कम मागा. पाच-दहा लाखांचा आकडा टाकू नका. त्याने खऱ्या दुःखावरचा विश्वास कमी होतो. दुरुस्तीच्या खर्चाला आधार हवा, म्हणून कागदावरच्या चित्रांचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडून लेखी अंदाज घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारा. काही वेळा बोर्ड मागच्या बाजूने थर थर काढून कागद मोकळा करता येतो. तुमच्या ग्राफचं तसं होईल का, हे पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

नेटवरच्या अभिप्रायांनी तुमचं प्रकरण सिद्ध होत नाही. मात्र कुणी "माझंही चित्र न विचारता कापलं" असं लिहिलं असेल, तर त्या व्यक्तीला साक्षीसाठी जरूर विचारा. तुम्ही स्वतः लिहायला हरकत नाही, पण नोटिशीची मुदत संपू द्या. मग घडलं तेवढंच, फोटोसकट लिहा. "चोर", "लुटारू" असे शब्द आले की बदनामीचा उलटा दावा अंगावर येतो. आणि "पैसे द्या, नाहीतर नेटवर टाकते" असं चुकूनही म्हणू नका. त्या एका वाक्याने तुमची बाजू मैली होईल.

दुकानदार बोलायला आले तर बोला. हातात कसब असलेला माणूस कधी कधी चूक उमगल्यावर वरमतो, आणि दुरुस्तीचा खर्च देऊन मिटवायला तयार होतो. मिटवलंत तर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. पट्टी सापडली, तर ती चित्राला जोडायला कुणाच्याही हाती देऊ नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, फोटो काढा, आणि तज्ज्ञाकडे जाताना सोबत न्या.