विहिरीत पोहायला शिकलोय, समुद्रात कधी उतरलो नाही. अंदमानात स्कूबा डायव्हिंग करून प्रवाळ आणि बुडालेलं जहाज बघता येईल का?

तुम्ही परळीजवळचे, पोहणं विहिरीतलं, आणि अर्ध्या तासाची ट्राय डाईव्ह घ्यावी की चार दिवसांचा कोर्स करावा हे तुमचं ठरत नाहीये. मी अंबाजोगाईचा, म्हणजे शेजारचाच. माझंही पोहणं पाठीला डबा बांधूनच सुरू झालं. जमेल की नाही, ही शंका सोडून द्या. जमेल. पण कोर्सच करा.

कारण सांगतो. आपल्याकडे पटाईत पोहणारा कोण? ज्याचा दम मोठा तो. काठावरून मुटका मारायचा, ठाव घ्यायचा, तळाचा गाळ मुठीत धरून वर यायचं आणि पोरांना दाखवायचा. हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. पाण्यात काही बिनसलं की आपण आपोआप श्वास रोखतो. स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घेत पोहण्यात, नेमकी हीच सवय जिवावर बेतते. तिथला पहिला नियमच आहे: श्वास कधीही रोखायचा नाही.

१० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. विहिरीत तुम्ही छाती वर भरून घेता, ती हवा खाली आक्रसते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. काही बिघडत नाही. स्कूबात मात्र तुम्ही खालीच, त्या दाबाची हवा छातीत भरता. ती रोखून वर आलात तर वर पोहोचेपर्यंत तिला दुप्पट जागा लागते, आणि फुफ्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. छाती पूर्ण भरलेली असेल तर एक-दोन मीटरचा फरकही पुरतो. माणूस तोच, पाणीही तसंच, फक्त श्वास कुठे घेतला यावर सगळं ठरतं.

ट्राय डाईव्हमध्ये प्रशिक्षक मागून तुमचा सिलिंडर धरून फिरवतो, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो. फोटो छान येतात. पण अंगातली सवय तशीच राहते. कोर्समध्ये उथळ पाण्यात गुडघ्यावर बसवून मास्कमध्ये पाणी भरायला लावतात आणि ते नाकाने फुंकून बाहेर काढायला शिकवतात. तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरातली हवा तोंडात देणारं यंत्र) काढून परत लावायला सांगतात, आणि तो तोंडात नसतो तेवढा वेळ बारीक बुडबुडे सोडत राहायचं असतं. आपल्यासारख्यांना यातलं शेवटचंच सगळ्यात जड जातं. ते जमेपर्यंत पुढे जायची घाई करू नका, प्रशिक्षक घाई करत असेल तरीही नाही.

कानाचंही तसंच. विहिरीत आठ-दहा फुटांवर कानात कळ येते आणि आपण तसंच दामटत खाली जातो. समुद्रात १८ मीटर जायचं असतं, तिथे असं दामटलं तर पडदा फाटेल. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, दर मीटरला. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरचे विचारतील. पाठीवर ऑक्सिजन नसतो, साधी गाळलेली कोरडी हवा असते. १२ लिटरच्या सिलिंडरात २०० बारने (बार हे दाबाचं माप) भरली की सुमारे २४०० लिटर होते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर दाबामुळे खाली जास्त लागते, म्हणून ती १० मीटरवर तासभर पुरते आणि २० मीटरवर ४० मिनिटं. त्यातही ५० बार शिल्लक ठेवूनच वर यायचं असतं. नवखा माणूस धापा टाकतो, म्हणून त्याची डाईव्ह लवकर संपते.

आता प्रवाळ. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आता स्वराजद्वीप) पाण्यात उतरलात की आधी रंगांकडे बघा. लाल रंग काही मीटरातच नाहीसा होतो, टॉर्च मारला की त्याच खडकावर लालभडक काहीतरी दिसतं. मग कान द्या. सतत एक तडतड ऐकू येते, ती नांगी वाजवणाऱ्या बारक्या कोळंबीची; मधूनच कुरकुर येते, ती पोपटमाशांची. ते प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातात, खडकाचा चुरा पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूत त्यांचा मोठा वाटा असतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर त्याचं पोट चालतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ते शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे झालं. काही जागा सावरल्या, काही नाही. गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुमच्या फिनच्या (पायात घालायच्या रबरी पंखाच्या) एका फटक्याने जे मोडेल, ते भरायला तुमच्या पोराचं लग्न व्हायची वेळ येईल. पाण्यात अधांतरी तरंगायला शिकणं याचसाठी महत्त्वाचं, आणि ते अर्ध्या तासात येत नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही बॅगेत टाकू नका, वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

जहाजाची ओढ मोठी असेल तर थोडे पैसे साठवा आणि पुढच्या खेपेला बालीतल्या तुलांबेनला जा. 'लिबर्टी' हे अमेरिकन लष्करी मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला, ते कसंबसं ओढून किनाऱ्याला टेकवलं. वीसेक वर्षं तिथेच पडून होतं, मग १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात सरकवलं. आज ते सुमारे पाच ते तीस मीटर खोलीत आडवं पडलंय. बोट लागत नाही, किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून चालत आत शिरायचं. तिथल्या बायका भरलेले सिलिंडर डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून अनवाणी चालतात, आपल्याकडच्या हंडा आणणाऱ्या बायकांसारख्याच ताठ मानेने. मला ते जहाजाइतकंच लक्षात राहिलं. या कोर्सनंतर मिळणाऱ्या ओपन वॉटर प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, तेवढ्यात बरंचसं जहाज बाहेरून बघून होतं. आत मात्र शिरायचं नाही. डोक्यावर छत असलं की सरळ वर येता येत नाही, आणि एका लाथेने गाळ उठला की दार कुठे होतं ते कळत नाही. त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

बाकी तयारी सोपी आहे. कोर्ससाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, वेळेचं बंधन नाही. विहिरीतच सराव करा, गोल फेऱ्या मारत. दमा, हृदयविकार किंवा कानाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, फॉर्मवर लपवू नका. एकदम अंदमान नको वाटत असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून सुरुवात करता येते, फक्त पाणी अंदमानएवढं नितळ मिळणार नाही. अंदमानसाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बघा. आणि परतीचं तिकीट काढताना शेवटची डाईव्ह आणि विमान यांत किमान १८ तास ठेवा, खाली दाबाची हवा घेताना अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला तेवढा वेळ लागतो. मी पूर्ण दिवसच मोकळा ठेवतो.