अंगठ्याच्या मुळाशी कळ

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. दीड महिन्यापासून उजव्या मनगटाला, अंगठ्याच्या बाजूला कळ येते. बाळाला उचलताना, झाकण फिरवताना जीव जातो. तिथे थोडी सूजही आहे. घरचे म्हणतात, शीर चढलीय, चोळून घे. चोळलं की जास्तच ठणकतं. हाडाचं काही असेल का?

उत्तर : ताई, चोळणं आजच बंद करा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे हाडाचं नाही, कंडरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणाचं दुखणं वाटतं. नेफ्यातून नाडी सरकते ना, तशा अंगठा बाजूला नेणाऱ्या दोन कंडरा मनगटावरच्या अरुंद आवरणातून सरकतात. तोच तोच ताण पडून नेफा जाड झाला की नाडी अडकते, कळ येते. चोळल्याने तो आणखी डिवचला जातो. स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. आजही डॉक्टर हे दुखणं त्यांच्याच नावाने ओळखतात.

माझ्या लेकीच्या वेळी मलाही हेच झालं होतं. 'बाळंतपणानंतर दुखतंच' असं ऐकून मी दोन महिने अंगावर काढलं. फिजिओथेरपिस्ट असूनही बाळाला उचलताना माझे अंगठे कुठे असतात, हे मी पाहिलंच नव्हतं. अंगठे ताणून बाळाच्या काखेत घालायचे आणि मनगटावर सगळा भार घ्यायचा, दुखणं तिथेच होतं. तुम्ही तळवे वर करा, एक हात बाळाच्या कुल्ल्यांखाली, दुसरा मानेखाली, अंगठे बोटांना चिकटलेले, मनगटं सरळ. जोर कोपरातून लावा. पाजताना हाताखाली उशी घ्या.

मनगटाला आधाराचा पट्टा लावाल तो अंगठ्यालाही धरून ठेवणारा हवा. अंगठा मोकळा सोडणारा मनगटपट्टा इथे उपयोगाचा नाही. तीन ते सहा आठवडे वापरा, मधून मधून काढून, दुखणार नाही इतपत अंगठा हलवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. गोळी घेण्याआधी अंगावर पाजता हे डॉक्टरांना सांगा. मुठीत अंगठा धरून मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी तेच करतील. बरं वाटतंय का म्हणून घरी रोज करून बघू नका.

एवढ्यानं भागलं नाही तर आवरणात स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात. पुष्कळांना एकातच आराम पडतो. तिथली त्वचा थोडी फिकी पडू शकते आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. त्यात जागा बधिर करून आवरण उघडतात आणि कंडरा मोकळ्या करतात.

बोटांना मुंग्या येत असतील तर कारण वेगळं असू शकतं, तेही डॉक्टरांना सांगा. आणि काटा किंवा सुई टोचल्यावर एखादं बोट सगळंच सुजलं, वाकडं राहिलं, सरळ करताना असह्य दुखलं, तर ते आवरणातलं जंतुसंसर्गाचं दुखणं असू शकतं. तेव्हा पट्टा-बर्फ करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.