उशिरा आलेल्यालाही तेवढाच मान?

प्रश्न: लग्नाआधीपासून चर्चच्या क्वायरमध्ये गातेय. यंदा ईस्टरला सोलो नवीन मुलीला दिला, वर फादरनी बायबलमधला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूची बोधकथा ऐकवली: मळ्याचा मालक उशिरा आलेल्या मजुरांनाही सकाळपासून राबलेल्यांएवढाच एक दिनार देतो. मग आमच्या मेहनतीचं काय? – एक वाचक, बोरिवली

उत्तर: ताई, राग येणारच, त्या दाखल्यातले (बायबल, मत्तय, अध्याय 20) सकाळपासून राबलेले मजूरही कुरकुरलेच की. पण आपल्या कामगार नाक्यावर सकाळी बघा, गवंडी, रंगारी थापी-ब्रश घेऊन उभे असतात, ज्याला कोणी नेलं नाही तो काय आळशी असतो? दाखल्यातले संध्याकाळी पाचला कामावर घेतलेले लोकही तेच म्हणतात, आम्हाला कोणी कामच दिलं नाही, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घर चालायचं तर पूर्णच हवी ना. तुमचा दिनार कुणी कापलेला नाहीये. बाकी सोलो कुणाला द्यायचा हा क्वायरचा मामला, त्यात दाखला मध्ये आणायची गरज नव्हती असं माझं मत, फादरशी सरळ बोला.