‘फिलिबस्टर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, अल्पमतवाले विधेयक मतदानालाच येऊ देत नाहीत, त्या ‘फिलिबस्टर’ या प्रकाराला आपली वृत्तपत्रे ‘वेळकाढूपणा’ म्हणतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या हकिकतीतही हाच शब्द येतो आणि सरकारी कर्जमर्यादेवरून दोन पक्षांत होणाऱ्या रस्सीखेचीतही हाच. तो योग्य आहे का? नसेल, तर दुसरा कोणता वापरावा? आणि ‘कर्जमर्यादा वाढवली’ म्हणजे सरकारने नवे कर्ज काढले, असे समजायचे का?

उत्तर: योग्य नाही, आणि गेली कित्येक वर्षे तो छापून येताना पाहून माझा पारा चढत आलेला आहे. वेळकाढूपणा करतो तो ‘साहेब जागेवर नाहीत, उद्या या’ असे सांगणारा कारकून. त्याला काम टाळायचे असते, कोणाकडून काही उकळायचे असतेच असे नाही. सिनेटमधील अल्पमतवाल्यांना वेळ काढण्यात काडीचाही रस नसतो. शंभर सदस्यांच्या त्या सभागृहात चर्चा संपवून विधेयक मतदानाला आणायचे, तर साठ मते लागतात. म्हणजे एकेचाळीस जण एकत्र राहिले की बहुमताचे विधेयक जागच्या जागी थिजते. त्यासाठी हल्ली कोणाला उभे राहून घसा कोरडा करावा लागत नाही, आपला विरोध आहे एवढे कळवले की पुरते. ज्या प्रकारात भाषणही होत नाही आणि घड्याळही चालत नाही, त्याला ‘वेळकाढूपणा’ म्हणणारा उपसंपादक शब्दाकडे पाहत नाही आणि प्रत्यक्ष प्रकाराकडेही पाहत नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू, कारण खरी गंमत तेथे आहे. वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, भाषेत ‘फ्राय’ म्हणजे मोकळा आणि ‘बाउट’ म्हणजे लूट. या दोहोंपासून झालेला ‘फ्रायबाउटर’ म्हणजे कोणत्याही राजाचा पगार न घेता स्वतःच्या हिमतीवर लूट करीत फिरणारा. (या ‘बाउट’चा आपल्या ‘लूट’शी संबंध जोडण्याचा मोह कोणी धरू नये. आपला शब्द संस्कृत लुण्ठ्-लुण्ट् या घराण्यातला आहे. इंग्रजांनी तो येथून नेला, ही गोष्ट वेगळी.) फ्रेंचांच्या तोंडी त्यातल्या ‘र’चा ‘ल’ झाला, मध्ये एक ‘स’ शिरला आणि कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांसाठी ‘फ्लिबुस्तिए’ हे नाव रूढ झाले. स्पॅनिशांनी त्याचे ‘फिलिबुस्तेरो’ केले आणि तेथून तो अमेरिकन इंग्रजीत उतरला. काही जुने व्युत्पत्तिकार हा शब्द ‘फ्लायबोट’ या एका प्रकारच्या जलद नौकेपासून आल्याचे सांगत. मला ही व्युत्पत्ती केवळ कानाला बरी वाटणारी दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजीतही या शब्दाचे जे रूप सापडते, ते नौकेसाठी वापरलेले नसून लुटारू माणसासाठी वापरलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ‘फिलिबस्टर’ म्हणजे स्वतःची फौज उभारून, सरकारची परवानगी न घेता, शेजारच्या देशावर चालून जाणारा माणूस. नार्सिसो लोपेझ असाच क्यूबावर गेला आणि १८५१ मध्ये हवानात मारला गेला. टेनेसीचा विल्यम वॉकर तर निकाराग्वा बळकावून १८५६ मध्ये तेथला अध्यक्ष होऊन बसला, गुलामगिरीवरची बंदी त्याने उठवली आणि अखेर सप्टेंबर १८६० मध्ये होंडुरासमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. या उद्योगाला मराठीत ‘मुलुखगिरी’ हा नेमका शब्द आहे आणि तो कोणी वापरत नाही, याचे मला वाईट वाटते.

मग हा मुलुखगिरीचा शब्द सभागृहात कसा शिरला? बहुतेक इंग्रजी स्तंभलेखक सांगतात की भाषण लांबवणारा सदस्य सभागृहाचा वेळ ‘लुटतो’, म्हणून तो फिलिबस्टर. आपल्याकडच्या ‘वेळकाढूपणा’चे मूळही बहुधा या स्पष्टीकरणात आहे. मला ते मुळीच मान्य नाही. १८५३ मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, उत्तर कॅरोलायनाचे अब्राहम व्हेनेबल यांनी क्यूबा गिळंकृत करण्याच्या मनसुब्यांवर टीका केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे मिसिसिपीचे आल्बर्ट ब्राउन उखडले आणि हा गृहस्थ विरोधकांच्या गराड्यात उभा राहून आपल्याच देशाविरुद्ध फिलिबस्टरी करतो आहे, असे त्यांनी सुनावले. सभागृहातल्या वर्तनासाठी हा शब्द वापरल्याचे हे ठळक जुने उदाहरण आहे आणि त्यात वेळेचा संबंधच नाही. त्यात आहे ती आपल्याच घरावर घातलेली धाड. धाड घालणाऱ्याला वेळ नको असतो, खंडणी हवी असते, आणि माझ्या मते हाच धागा धरला तर या शब्दाचा पुढचा सगळा प्रवास उलगडतो.

ही पद्धत घटनाकारांनी मोठ्या दूरदृष्टीने निर्माण केली, असे सांगणारे विद्वानही आहेत. त्यांना एवढेच सांगावे की घटनेत तिचा उल्लेख नाही. चर्चा थांबवून मत घेण्याची तरतूद सिनेटच्या नियमांत होती. उपाध्यक्षपदावरून जाताना ॲरन बर यांनी ती अनावश्यक ठरवली आणि १८०६ मध्ये ती गळाली. चर्चा बंद करण्याचा नियम पुन्हा आला तो १९१७ मध्ये, तोही दोनतृतीयांश मतांच्या अटीवर. साठ मतांचा आकडा १९७५ चा.

या अटीचा सर्वांत कठोर वापर झाला तो कृष्णवर्णीयांच्या हक्कांविरुद्ध. ऑगस्ट १९५७ मध्ये दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थरमंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटे बोलले. शरीरातले पाणी कमी व्हावे आणि मधेच सभागृह सोडावे लागू नये, म्हणून त्यांनी आधी वाफेचे स्नान घेतले होते. नंतर ते राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचत उभे राहिले. विधेयक त्यानंतर थोड्याच वेळात मंजूर झाले. १९६४ चा प्रसंग याहून मोठा होता. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी कामकाजाचे साठ दिवस विधेयक रोखून धरले. शेवटी १० जून रोजी चर्चा संपवण्याच्या ठरावावर ७१ विरुद्ध २९ असे मतदान झाले आणि त्या ७१ मध्ये ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते. आजच्या पक्षीय रेषा मनात ठेवून हा इतिहास वाचणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. त्या दिवशी कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणले होते. मेंदूतल्या गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून स्वतःच्या डोळ्याकडे बोट नेले. इंग्रजीत होकारार्थी मताला म्हणतात ‘आय’ आणि डोळ्यालाही ‘आय’. शब्द तोंडातून न काढता केलेला असा श्लेष संसदीय इतिहासात दुसरा असेल, असे मला वाटत नाही.

येथे मराठीतला एक शब्द मला फार दिवस खुणावत होता: ‘धरणे’. धनकोने ऋणकोच्या दारात उपाशी बसायचे आणि पैसे मिळेपर्यंत उठायचे नाही, हा त्याचा जुना अर्थ आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमाखाली दिलेल्या उदाहरणात हे दारात बसणे आले होते, आणि ती संहिता वॉकरला गोळ्या घातल्या त्याच वर्षी, १८६० मध्ये झाली. पुढे त्याच शब्दाने हक्कांसाठी बसणाऱ्यांचीही सोय केली. कर्ज आणि हक्क दोन्ही पोटात घेणारा असा शब्द हाताशी असताना तो का वापरू नये? कारण एकच: धरण्यात बसणारा स्वतः उपाशी राहतो. थरमंड यांच्या चोवीस तासांना, त्यांचा हेतू कितीही अन्यायाचा असला तरी, हा शब्द ओढूनताणून लावता येईल. घरी निवांत जेवून विधेयक रोखणाऱ्या आजच्या सिनेटरला तो लावला, तर धरण्याचा अपमान होईल.

म्हणून माझे मत ‘अडवणूक’ या शब्दाला. मराठीत आपण नडलेल्याची अडवणूक करतो. समोरच्याची गरज जितकी मोठी, तितका अडवणाऱ्याचा भाव वर जातो. कर्जमर्यादेच्या राजकारणाला याहून चपखल शब्द नाही. २०११ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन बहुमताने खर्चकपातीशिवाय मर्यादा वाढवायला नकार दिला आणि सरकारची देणी थकण्याच्या, २ ऑगस्टच्या मुदतीपर्यंत ताणून धरले. तांत्रिकदृष्ट्या तो फिलिबस्टर नव्हता, पण अडवणूक मात्र शंभर टक्के होती. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण तेथे उलटी झाली: गाढव हे ज्यांचे चिन्ह, त्या पक्षाचे अध्यक्ष ओबामा अडले आणि पाय धरावे लागले ते हत्तीचे, म्हणजे रिपब्लिकनांचे. तडजोड होऊनही स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने तीन दिवसांनी अमेरिकेची पत उतरवली. त्या तडजोडीनंतर सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी स्वतःच कबूल केले की या ओलिसाला मारण्यात अर्थ नसला, तरी त्याच्या बदल्यात खंडणी मागण्याजोगी ती गोष्ट आहे. ओलीस आणि खंडणी! चाच्यांचा शब्द चाच्यांच्याच धंद्यावर परत आला, तोही त्या सभागृहातल्या नेत्याच्या तोंडून.

कर्ज आणि हक्क यांची सांगड मी ओढूनताणून घालतो आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती उघडावी. पहिल्या कलमात सर्वांना कायद्याचे समान संरक्षण आहे. चौथ्या कलमात सरकारी कर्जाच्या वैधतेवर शंका घेता येणार नाही, असे बजावले आहे आणि बंडखोर राज्यांचे कर्ज व मुक्त झालेल्या गुलामांची मालकांना भरपाई हे दोन्ही रद्दबातल केले आहे. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कर्जमर्यादावाढीला आडवे गेले आणि तीनच वर्षांनी शाळांमधला वर्णभेद टिकवण्यासाठी ‘प्रचंड प्रतिकारा’ची हाक त्यांनीच दिली. याच्या उलट, डिसेंबर २०२१ मध्ये सिनेटने कर्जमर्यादेपुरता साठ मतांचा नियम एकदाच बाजूला ठेवला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मतदानाच्या हक्काच्या विधेयकासाठी तीच सवलत ५२ विरुद्ध ४८ मतांनी नाकारली. अडवणूक कोणाची सोडवायची आणि कोणाची नाही, हे त्या दोन महिन्यांत स्वच्छ दिसले.

आपला दुसरा प्रश्न राहिलाच. मर्यादा वाढवणे म्हणजे नवा खर्च मंजूर करणे नव्हे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आधीच मंजूर केलेला खर्च भागवण्यासाठी उसने घेण्याची ती मुभा आहे. १९३९ मध्ये एकूण कर्जावर ४५ अब्ज डॉलरची मर्यादा होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ४१.१ लाख कोटी डॉलर झाली, आणि तीही साध्या बहुमताने चालणाऱ्या अर्थसंकल्पी वाटेने, म्हणजे साठ मतांना वळसा घालून. तेव्हा ‘सरकारने इतके लाख कोटी कर्ज काढले’ असा मथळा चूक आहे.

चुकलेला आणखी एक मथळा एप्रिल २०२५ मधला. न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर २५ तासांहून अधिक बोलले आणि त्यांनी थरमंड यांचा विक्रम मोडला. त्यालाही सर्रास फिलिबस्टर म्हटले गेले. बुकर यांनी कोणतेही विधेयक रोखलेले नव्हते आणि कोणाकडून काही मागितलेही नव्हते. त्या प्रकाराला ‘विक्रमी भाषण’ म्हणावे. ‘अडवणूक’ तेथे लागू नाही आणि ‘वेळकाढूपणा’ तर नाहीच नाही.